‘सांगितलं तर फोन जाईल’ : प्रस्तावना

२०१७च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत एका माशाची दहशत होती. ‘ब्लू व्हेल’ नावाचा खेळ म्हणे रशियातून आला आहे, तो पन्नास दिवसांत पन्नास कामं करायला लावतो आणि शेवटचं काम म्हणजे स्वतःचा जीव घेणं. जुलैअखेरीस अंधेरीतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूशी या खेळाचं नाव जोडलं गेलं. मग वाहिन्या, वर्तमानपत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे पालकगट यांना दुसरा विषय उरला नाही. मुलांच्या हातांवर ओरखडे दिसतात का पाहा, अशा सूचना फिरू लागल्या. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरे कंपन्यांना पत्र धाडून या खेळाचे दुवे काढून टाकायला सांगितलं. काढणार कुठून? दुकानात मांडून ठेवलेल्या ॲपसारखा तो कुठे मांडलेलाच नव्हता. पुढे ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, संशयित प्रकरणं तपासली गेली, आणि त्यातल्या एकाही मृत्यूचा या खेळाशी संबंध सिद्ध होत नाही, असं सरकारने संसदेला सांगितलं. तोवर पालकांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. देवमासा आला हे सगळ्यांना आठवतं. तो नव्हताच, हे कुणाला आठवत नाही.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेवर आपल्याकडे जे बोललं जातं, त्यातलं पुष्कळसं अजून त्याच पठडीतलं आहे. राक्षस बाहेरून येतो, त्याला एक नाव असतं, त्याच्यावर बंदी घालता येते, आणि बंदी घातली की आपण झोपायला मोकळे. ब्लू व्हेलनंतर ‘मोमो’ नावाच्या तशाच आव्हानाची आवई आली, तिच्यातूनही काही हाती लागलं नाही. प्रस्तुत पुस्तकात असा एकही राक्षस नाही, त्यामुळे थरारासाठी ते उघडणाऱ्यांचा हिरमोड होईल. यात आहेत त्या रोजच्या गोष्टी. नववीतल्या मुलाला आलेली एक रिक्वेस्ट, सहावीतल्या मुलीला गेममध्ये मिळालेली फुकटची ‘स्किन’, काकांनी कुटुंबाच्या गटावर टाकलेला नातीचा आंघोळीचा फोटो, आणि एका आईने रात्री साडेदहाला विचारलेला प्रश्न : ‘एवढा वेळ कुणाशी बोलतोस?’

यातल्या एका प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो मुलग्यांच्या बाबतीत होतो हे अजून पुष्कळ घरांच्या गावीही नाही.

नमुना साधारण असा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला इन्स्टाग्रामवर एका मुलीची रिक्वेस्ट येते. डीपी बेताची सुंदर, फार नटलेली नाही. आपल्याच कॉलेजातले चारपाच जण तिला आधीच फॉलो करत असतात, कारण त्यांनाही रिक्वेस्ट गेलेली असते. बोलणं गोड आणि घाईचं. दोन दिवसांत, कधी दोन तासांत, गाडी व्हिडिओ कॉलवर येते. पलीकडे आधीच चित्रित केलेला व्हिडिओ चालू असतो, अलीकडे मुलाचा पडदा रेकॉर्ड होत असतो. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत संदेश येतो, सोबत त्याच्याच फॉलोअरांच्या यादीचा स्क्रीनशॉट. मामा, आत्येबहीण, क्लासचे सर, सगळ्यांची नावं त्यात. पाच हजार पाठव, नाहीतर दहा मिनिटांत हे सगळ्यांना जाईल. पोरगं वडिलांच्या फोनवरून यूपीआयने पाठवतं. तिथे ते संपत नाही. पैसे देणारा देतो हे कळल्यावर मागणी वाढतेच. पलीकडे ती मुलगी नसतेच मुळी, अशा कामाला बसलेली टोळी असते. अमेरिकेच्या एफबीआयने अशा खंडणीबद्दल जे जाहीर इशारे दिले, त्यांत चौदा ते सतरा वयाचे मुलगे हे मुख्य सावज असल्याचं म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र ‘मुलींना जपा’ या वाक्यापाशीच व्याख्यान संपतं.

लहान मुलांच्या आणि मुलींच्या बाबतीत गती उलट असते. तिथे घाई नसते, मुरवण असते. ओळख गेममधल्या चॅटवर होते. समोरचा डायमंड किंवा यूसी भेट देतो. हे शब्द कळले नसतील तर घरातल्या मुलाला विचारा, तो आनंदाने सांगेल. मग ‘इथे बोलायला नको, दुसऱ्या ॲपवर ये’. मग आईबाबांची भांडणं, शाळेतला त्रास, कुणालाच न सांगितलेल्या गोष्टी तो ऐकून घेतो, आणि खरोखर चांगला ऐकून घेतो. घरी कुणी इतकं ऐकलेलं नसतं. मग एक साधा फोटो, मग जरा वेगळा फोटो, मग ‘हे आपल्या दोघांतच हं’. पहिल्या वेळी मागितलेली गोष्ट नाकारावी इतकी मोठी कधीच नसते, त्यातच या कामाची सगळी खुबी आहे. हा माणूस नेहमी परका असतो असंही नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, त्याखालच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. ट्यूशनचा दादा, शेजारचा, नात्यातला. फोनने त्याला एवढंच मिळवून दिलं की आता त्याला घरात कुणी नसण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता मुलाच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. धमकी आली आहे. मुलाकडे दोन वाटा आहेत. घरी सांगायचं किंवा नाही सांगायचं. न सांगितलं तर काय होईल ते अनिश्चित आहे, कदाचित पैसे दिल्यावर समोरचा थांबेलही. सांगितलं तर काय होईल ते मात्र ठरलेलं आहे : फोन जाईल, मार बसेल, शाळेत कळेल, नातेवाइकांत कळेल, आणि पुढची पाच वर्षं प्रत्येक जेवणात ते ऐकावं लागेल. सोळा वर्षांचं मूल मूर्ख नसतं. ते अनिश्चित संकट पत्करतं आणि ठरलेली शिक्षा टाळतं. खंडणीखोराला हे पक्कं ठाऊक असतं. ‘आईबाबांना सांगितलंस तर बघ’ हे वाक्य तो उच्चारतो ते केवळ आठवण म्हणून, कारण त्याच्या वतीने पहारा आपणच देत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी हा आपल्या घरांचा जुना न्याय आहे, आणि या गुन्ह्यात चोराचा सगळा धंदा त्या न्यायावर उभा आहे.

या पुस्तकाचं म्हणणं मला विचाराल तर मी एवढंच सांगेन. बाकीची प्रकरणं, म्हणजे सेटिंगं, कायदे, वयोमर्यादा, ही महत्त्वाची आहेत, पण ती सगळी त्या एका क्षणापाशी येऊन थांबतात जेव्हा मूल तोंड उघडायचं की नाही ते ठरवत असतं. तो निर्णय त्या रात्री होत नसतो. शेजारच्या मुलीचा फोटो व्हायरल झाल्याची बातमी आली तेव्हा ताटावर बसून आपण काय बोललो, यावर तो दोन वर्षं आधीच झालेला असतो. ‘अशा पोरींना असंच पाहिजे’ हे वाक्य आपल्या पोरीने ऐकून ठेवलेलं असतं.

मुलींच्या बाबतीत दंड आणखी जबर आहे, हे आडपडदा न ठेवता लिहायला हवं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. ही लग्नं गरिबीने होतात, हुंड्याने होतात, स्थलांतराने होतात, आणि ‘फोनवर कुणाशी तरी बोलते’ या कुजबुजीनेही होतात. अशी कुजबुज चालते त्या गावात एखाद्या मुलीने ‘मला एक जण धमकावतोय’ असं घरी सांगणं म्हणजे शाळेवर आणि कदाचित पुढच्या सगळ्या आयुष्यावर पाणी सोडण्याची तयारी दाखवणं. तिला ‘विश्वासाने बोल’ असा उपदेश करणारी भित्तिपत्रकं मला निर्लज्ज वाटतात. आधी शाळा सुटणार नाही याची हमी द्या, मग विश्वास मागा.

दुसरा मुद्दा घरातल्या फोनचा. या विषयावरचं बरंचसं साहित्य अमेरिका-इंग्लंडातून येतं आणि त्यात गृहीत धरलेलं असतं की प्रत्येक मुलाचं एक यंत्र, प्रत्येक यंत्राचा एक मालक. आपल्याकडे २०२०च्या मार्चनंतर शाळा बंद झाल्या आणि वडिलांचा फोन एका रात्रीत दप्तर झाला. ‘मोबाइलला हात लावू नकोस’ म्हणणाऱ्या शाळांनीच ‘मोबाइलवर स्वाध्याय बघ’ म्हणायला सुरुवात केली. मुलांनी हा विनोद बरोबर टिपला, आपण अजून टिपलेला नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या ग्रामीण भागातल्या पाहणीत चौदा ते सोळा वयोगटातल्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. हे आकडे वर्तमानपत्रांत आले, त्यावर हळहळ व्यक्त झाली. त्याच पाहणीतली पुढची ओळ मला जास्त मोलाची वाटते : समाजमाध्यमं वापरणाऱ्या या मुलांपैकी एखादं खातं ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं, आणि आपलं खातं खासगी कसं करायचं हे साधारण ५५ टक्क्यांना. उरलेली मुलं कडी न लावता येणाऱ्या खोलीत राहत आहेत. ही कडी शिकवायला दहा मिनिटं लागतात. कवायतीच्या तासाला उन्हात उभं करण्यापेक्षा तो वेळ सत्कारणी लागेल.

सामायिक फोनची स्वतःची संकटं असतात. वडिलांनी रात्री जे पाहिलं, त्याच्या शेपटाला धरून यूट्यूब सकाळी पाच वर्षांच्या मुलीला पुढचं सुचवतं. फोनला पिन नसतो, असला तरी तो सगळ्यांना पाठ असतो, आणि यूपीआयचा पिन तर मुलालाच जास्त नीट पाठ असतो, कारण दुकानातून दूध तोच आणतो. मुलाचं खातं वडिलांच्या नंबरवर आणि वडिलांच्या जन्मतारखेवर असतं. त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने समोर बेचाळीस वर्षांचा गृहस्थ बसलेला असतो आणि किशोरांसाठी केलेली एकही संरक्षक सोय त्याला लागू होत नाही. इन्स्टाग्रामने २०२४मध्ये किशोरखाती सुरू केली, ती आपोआप खासगी असतात, अनोळखी माणसाचे संदेश अडवतात. पण त्यासाठी आधी मुलाने खरं वय टाकलेलं असावं लागतं. पालकांनी करण्यासारखी पहिली गोष्ट कोणती, असं पालकसभेत हमखास विचारतात. मुलाच्या खात्यावर त्याची खरी जन्मतारीख आहे का ते त्याच्यासोबत बसून पाहा. इतकी बिनखर्चाची आणि इतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

‘सोबत बसून’ हे दोन शब्द मुद्दाम वापरले. मुलाच्या नकळत त्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकून देणारे दुकानदार आता तालुक्याच्या गावीही मिळतात आणि पालक कौतुकाने टाकून घेतात. सात वर्षांच्या मुलाचा फोन तुमच्याच ताब्यात असायला हवा, त्यात हेरगिरीचा प्रश्नच नाही. सोळा वर्षांच्या मुलीचे संदेश चोरून वाचणं ही वेगळी गोष्ट आहे. तिला ते कळतंच, कधी ना कधी कळतंच, आणि त्या दिवसापासून ती दुसरं खातं मैत्रिणीच्या फोनवर चालवते. म्हणजे हाती राहतो तो एक स्वच्छ, निर्मळ, खोटा फोन. लेखकांनी पुस्तकातल्या या विषयावरच्या प्रकरणात जरा मवाळ भाषा वापरली आहे, मला ती पटलेली नाही.

वयोमर्यादेची गोष्ट गमतीची आहे. बहुतेक ॲप तेरा वर्षं पूर्ण असल्याशिवाय खातं उघडू देत नाहीत, निदान म्हणतात तसं. हा तेराचा आकडा कुठल्या बालमानसशास्त्रज्ञाने काढलेला नाही. अमेरिकेत १९९८मध्ये मुलांच्या ऑनलाइन माहितीबाबत एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची परवानगी हवी, असं त्यात म्हटलं होतं. परवानगीची कटकट नको म्हणून कंपन्यांनी तेराच्या आतल्यांना दारच बंद केलं, आणि दारावर राखण म्हणून जन्मसाल विचारणारा एक रकाना ठेवला. मुलांना वजाबाकी येते. आपला २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा याहून पुढे जातो. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालची कुणीही व्यक्ती. तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, तिच्यावर पाळत ठेवता येणार नाही आणि तिला हेरून जाहिराती दाखवता येणार नाहीत. कागदावर हे उत्तम आहे. मात्र दहावीच्या मुलाला आणि तिसरीतल्या मुलाला एकाच मापाचा सदरा शिवल्यावर तो कुणाच्या अंगाला बसणार, हा प्रश्न राहतो. ऑस्ट्रेलियाने तर थेट सोळाची वेस घातली. १० डिसेंबर २०२५पासून तिथे त्याखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. त्या कायद्यातली मला आवडलेली तरतूद अशी की दंड कंपनीला होतो, जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, आणि मुलाला किंवा पालकाला काहीही होत नाही.

बंदीचा प्रयोग आपल्याकडेही झाला आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने २०२२मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट काढली. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. दोन्ही ठरावांची बातमी एकाच सुरात छापली गेली, पण त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बांशीचा ठराव मुलांना लागू होता. वडगावच्या भोंग्याला आईची मालिका आणि बापाचे रील्सही थांबतात. मुलांसाठी नियम करायचा आणि स्वतः सोफ्यावर अंगठा घासत बसायचं, ही सोय त्यात नाही. हा उपाय शहरातल्या सोसायटीत चालेल का, मला शंका आहे. गावात कोण फोन घेऊन बसलंय ते ओसरीवरून दिसतं, चौदाव्या मजल्यावर दिसत नाही. पण निदान आपल्या घरापुरता भोंगा वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही.

मोठ्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या हौशीबद्दलही बोलायला हवं. आपलं मूल जगाला दाखवण्याचा आपला उत्साह दांडगा. बारशाचे फोटो, पोहण्याच्या तलावावरचे फोटो, शाळेच्या गणवेशातला रोजचा स्टेटस, वर ‘आज माझी परी तिसरीत गेली’. चौकातल्या फ्लेक्सवर चिमुरड्याचं नाव, वाढदिवस आणि वडिलांचा मोबाइल नंबर. क्लासवाल्यांच्या पानावर दहावीच्या गुणवंतांचा फोटो, पूर्ण नाव, गुण आणि गाव. परक्या माणसाला मुलाशी ओळख काढायला जे जे लागतं, ते सगळं आपण हौसेने छापून ठेवतो. आता त्यात नवी भर पडली आहे. २०२३मध्ये स्पेनमधल्या आल्मेंद्रालेहो या छोट्या गावात शाळकरी मुलींचे समाजमाध्यमांवरचे साधे, कपड्यांतले फोटो घेऊन त्यांच्याच ओळखीच्या मुलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपवर त्यांची नग्न चित्रं बनवली आणि गटांवर फिरवली. पुढच्या वर्षी तिथल्या बालन्यायालयाने पंधरा मुलांना वर्षभर देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली, सोबत लिंगसमानतेचे आणि तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराचे वर्ग. त्या मुलींनी काहीही ‘पाठवलं’ नव्हतं. ‘तू फोटो पाठवलासच का?’ हा आपला लाडका प्रश्न तिथे विचारताच आला नाही. तो कुठेच विचारू नये, पण ते राहू द्या.

ज्यात कुणी गुन्हेगारच नाही अशा हानीबद्दल पुस्तकात एक प्रकरण आहे. तेही सोपं नाही. उदास मुलीने एकदा उदास व्हिडिओ पाहिला की यंत्र तिला शंभर उदास व्हिडिओ दाखवतं. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो, हेतूच नसतो. लंडनमध्ये २०१७मध्ये गेलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची चौकशी २०२२मध्ये पूर्ण झाली, तेव्हा तिने पाहिलेल्या ऑनलाइन मजकुराचाही तिच्या मृत्यूत वाटा होता, असा निष्कर्ष मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने नोंदवला. ब्लू व्हेलच्या वेळी आपण जे शोधत होतो त्याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते हे आहे. याला पन्नास पायऱ्या लागत नाहीत. मुलाच्या बोलण्यात असं काही जाणवलं तर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी मराठीतही बोलते.

कायद्याचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांब आहे आणि ते तसंच हवं होतं. इथे मी फक्त त्यातल्या अशा गोष्टी सांगतो, ज्यांत भल्या माणसांचं पाऊल चुकतं. पहिली : एखाद्या मुलीचा फोटो फिरतोय असं कळल्यावर मुख्याध्यापक तो आपल्या फोनवर मागवून घेतात, ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांच्या गटावर टाकतात, आणि एखादे काका ‘ही मुलगी कुणाची, पालकांना कळवा’ म्हणत तो पुढे पाठवतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली हे पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही शुद्ध असो. असा मजकूर न नोंदवता, न पुसता बाळगणंही पॉक्सोखाली अंगाशी येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४च्या निकालात स्पष्ट केलं आहे. पुरावा जपायचा तो खात्याचं नाव, प्रोफाइलचा दुवा, धमकीचे संदेश, वेळ आणि ज्या यूपीआय क्रमांकावर पैसे मागितले तो. चित्राच्या प्रती काढायच्या नाहीत. घाबरून सगळं चॅटही पुसायचं नाही, पोलिसांना तेच लागतं.

दुसरी : ‘मुलीच्या भवितव्याचा विचार करून’ शाळेने प्रकरण आतल्या आत मिटवणं. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, आणि न कळवणाऱ्या संस्थाचालकाला कलम २१ खाली वर्षभराची कैद होऊ शकते. त्याच कलमात असंही म्हटलं आहे की मुलाने कळवलं नाही म्हणून मुलाला शिक्षा नाही. कायद्याला जे समजतं ते आपल्याला समजायला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट अवघड आहे आणि तिला स्वच्छ उत्तर नाही. सोळा वर्षांच्या दोघांनी आपखुशीने एकमेकांना फोटो पाठवले, तर आपल्या कायद्याच्या दृष्टीने दोघंही मुलं आहेत आणि दोघांनीही मुलाचं चित्र पाठवलेलं आहे. समवयस्कांसाठी वेगळी सवलत आपल्या कायद्यात नाही. म्हणून अनेक समुपदेशक तक्रार करावी की नाही या पेचात अडकतात, आणि पालक तर पोलीस ठाण्याची पायरीच चढत नाहीत. या पेचाचा सगळ्यात जास्त फायदा तो फोटो पळवून धमकावणाऱ्या तिसऱ्या माणसाला होतो.

फोटो बाहेर जाण्याची भीती असेल तर एक सोय बहुतेकांना ठाऊक नाही. अमेरिकेतल्या ‘एनसीएमईसी’ या संस्थेची ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. अठराच्या आत काढलेल्या अशा फोटोचा ती एक डिजिटल ठसा बनवते, म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ. फोटो मुलाच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो. सेवेत सामील झालेल्या कंपन्या तो ठसा जुळणारं चित्र आपल्या ॲपवरून हटवतात. व्हॉट्सॲपसारख्या बंद लखोट्यातल्या संदेशांवर तिचा इलाज चालत नाही, हेही सांगायला हवं. याच संस्थेकडे अमेरिकी कंपन्यांना मुलांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर सापडताच कळवणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. २०१९मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाशी तिचा करार झाला, तेव्हापासून भारतातून चढवलेल्या अशा मजकुराची माहिती दिल्लीमार्गे राज्यांच्या सायबर पोलिसांकडे येते. नांदेडच्या खोलीत बसून कुणी काही चढवलं तर त्याची चिठ्ठी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाहून फिरून नांदेडच्या ठाण्यात पोहोचू शकते. ‘नेटवर कोण पकडतंय’ असं म्हणणाऱ्या पोरांना वर्गात हे जरूर सांगावं.

पैसे गेले असतील तर १९३० या मदतवाहिनीवर फोन करायचा, आणि तोही लगेच, कारण सुरुवातीच्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. मुलाला स्वतःलाच बोलायचं असेल तर १०९८. १९९६मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून ही मदतवाहिनी सुरू झाली, तेव्हा रस्त्यावरची मुलं सार्वजनिक फोनवरून तिला हाक मारत. आज हाक मारायला फोन जवळपास प्रत्येक घरात आहे. जबाब देण्याची भीती वाटत असेल तर पॉक्सोचं कलम २४ वाचून दाखवा : जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. प्रत्येक ठाण्यात हे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. पण हे कलम माहीत असलेल्या पालकाशी ठाण्यात जरा वेगळं बोललं जातं.

पुस्तकाबद्दल एक तक्रार नोंदवून थांबतो. यातला पालक संध्याकाळी घरी असतो, मुलासोबत बसतो, सेटिंगं बदलतो. ऑक्टोबरात बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेले आईबाप मार्चपर्यंत कोपीत असतात आणि मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतं. तिथे फोन म्हणजे आईशी बोलण्याचा एकमेव रस्ता आहे. तो काढून घेण्याची धमकी देऊन मुलाला गप्प बसवणं आणखी सोपं आहे, आणि शेजारी बसून खातं खासगी करून देणारं कुणी नाही. हा वर्ग महाराष्ट्रात लहान नाही. त्याच्यावर या आवृत्तीत एक प्रकरण नाही, अर्धा परिच्छेदही नाही. पुढच्या आवृत्तीत ते यावं, आणि ते लिहायला पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ न बोलावता अशा एखाद्या वसतिगृहाच्या अधीक्षकालाच बसवावं.